चढावं, पण निजू नये

धाकूनानांनी मला जगवलं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं मी त्यांची थोडी थट्टा करणार आहे आणि वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको. माझी शाळा मराठी चौथीला सुटली. तेव्हा लिहिण्यात काही मागंपुढं झालं तर ते माझं, आणि नानांविषयी जे चांगलं वाटेल ते नानांचं.

नाना मुंबईत लिफ्ट चालवतात. साधी लिफ्ट नव्हे. ज्या बिल्डिंगीचं नाव व्हिक्टोरियावाल्याला सांगावं लागत नाही, नुसतं बोट वर केलं की पुरतं, त्या आठ मजली सिमिटच्या बिल्डिंगीची. लिफ्ट तळाहून निघते, पहिला मजला जातो, दुसरा जातो, आणि दुसरा ओलांडून वीतभर वर गेली की नाना दांड्यावरचा उजवा हात न हलवता डाव्या हातानं डोक्यावरची टोपी काढतात, दोन शब्द पुटपुटतात आणि टोपी परत घालतात. वर जाताना दर खेपेला. खाली येताना नाही.

बिल्डिंगीच्या मॅनेजरसाहेबांची कचेरी दुसऱ्या मजल्यावर. ते तिथं लिफ्टीत शिरायचे, लिफ्ट हलायची आणि लगेच नानांची टोपी निघायची. साहेबांना वाटलं, किती अदबशीर माणूस. ते हात हलवून म्हणायचे, "असू दे, असू दे." असं वर्षभर चाललं. एकदा ते जिन्यात उभे असताना लोखंडी जाळीतून त्यांनी पाहिलं, लिफ्ट रिकामी वर चालली आहे आणि नाना टोपी काढून हवेशी बोलत आहेत. त्या दिवसापासून त्यांनी "असू दे" म्हणायचं सोडलं.

मी नवा होतो तेव्हा न राहवून विचारलं, "नाना, टोपी कुणाला काढता?"

"गल्लीत देऊळ बघितलंस?"

"मारुतीचं? बघितलं."

"कळस कुठवर येतो?"

मी जिन्याच्या खिडकीतून डोकावून आलो. "दुसऱ्या मजल्याच्या जरा वर."

"मग त्याच्या डोक्यावरनं जायचं तर विचारून जावं, का असंच जावं?"

"पण आपली तर काळकाई. हा मारुती."

नानांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. "महाडला कचेरीत गेलास, मामलेदार नाय, कारकून बसलाय. तर कारकुनाला रामराम घालत नायस?"

पुढच्या खेपेला मीही हात जोडले. 

हे खूळ मुंबईचं नव्हे, ते आमच्या वाडीचं आहे. उमरठच्या पुढं डोंगरात आमची वाडी. काळकाईचं देऊळ सगळ्यात वरच्या टप्प्यावर, घरं सगळी खाली. देवीच्या डोक्यावर कुणी जायचं नाही म्हणून वाडीत माडी कुणी बांधत नाही. बांधण्याची ऐपतही नाही, म्हणून नियम सहज पाळला जातो. नानांच्या घराला मात्र तो दुप्पट. शिमग्याला काळकाईची पालखी निघते तेव्हा तिचा पुढचा उजवा खांदा नानांच्या घरचा. तो मान ज्याचा, त्यानं बाराही महिने कुठल्याच देवाच्या कळसाच्या वर निजायचं नाही. नाना त्याचा खुलासा असा करत: "चढावं. बसावं. वर बसून भाकर खाल्ली तरी आई काय म्हणायची नाय. पण निजू नये. निजला म्हंजे माणूस इसरला."

नानांची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. पुन्हा त्यांनी घर मांडलं नाही. त्यामुळे त्या खांद्याखेरीज वाडीत त्यांचं म्हणावं असं फारसं काही उरलं नव्हतं. आणि एकदा मान सुटला की तो चुलतभाऊ लखूदादांच्या घरात जाणार आणि तिथंच राहणार, कारण लखूदादांना चार मुलगे. हे नाना जाणून होते आणि लखूदादाही जाणून होते. दोघे एकमेकांशी फार गोड बोलत.

आता असा माणूस मुंबईतल्या सगळ्यात उंच बिल्डिंगीत कसा गेला, म्हणाल. तर तो आधी तिथं गेला आणि बिल्डिंग नंतर आली. पाया खणत होते तेव्हा नाना तिथं बिगारी होते. बांबूंच्या परांचीवरून डोक्यावर सिमिटची घमेली घेऊन चढायचं काम. बाकीचे दमत, नाना दमत नसत; पोलादपूरच्या बाजारातून मिठाची गोणी घेऊन वाडीला चढणाऱ्याला आठ मजले म्हणजे पाय मोकळे करणं. "ही बिल्डिंग बांधली नाय, ओतली," ते सांगतात. "नि वर मी नेली." काम पुरं झाल्यावर मालकानं विचारलं, लिफ्ट चालवशील का? नाना म्हणाले, इतकी वर्षं पायांनी वर नेलं, आता दांड्यानं नेऊ.

बिल्डिंग दिसते मोठी देखणी. कोपरे गोल, गॅलऱ्या आगबोटीच्या कठड्यासारख्या, पांढरी सफेत. बाणकोटहून येणारी आगबोट मुंबईला लागायच्या आधी ती दिसू लागते, आणि आमच्याकडची माणसं उतारूंच्या गर्दीत एकमेकांना ढोसून सांगतात, "ती बघ धाक्याची बिल्डिंग." मालकाचं नाव वाडीत कुणाला ठाऊक नाही.

गावाकडून कुणीही आलं की नाना त्याला आधी रस्त्याच्या पलीकडं उभं करतात. "हितनं बघ. मान दुखली का? मग आता चल." मग लिफ्टीत. मजल्यांना त्यांनी नावं दिली आहेत. तळ म्हणजे पायथा, दुसरा म्हणजे कळस, पाचवा इसावा आणि आठवा माथा. राहणाऱ्यांनाही ती नावं तोंडपाठ झाली. आठव्यावर एक म्हातारी पारशीण बाई राहतात. त्या लिफ्टीत शिरल्या की हुकूम सोडतात, "चाल ढाकू, माथा!" आणि दुसरा मजला गेला की स्वतःच विचारतात, "टोपी काढली?"

"काढली, बाय."

"मारुटीला माझा बी सलाम बोल."

गच्चीवर पाण्याच्या टाकीला लागून एक खोली आहे. लिफ्टवाल्यासाठी बांधलेली. चारी बाजूंनी वारा, खाली सगळी मुंबई, पलीकडं समुद्र. अशी खोली पैसे मोजून मिळायची नाही. त्या खोलीत नानांनी आपली ट्रंक ठेवली होती. "ट्रंकेला मनाई नाय." आणि स्वतः तळमजल्यावर जिन्याखालच्या तिरक्या जागेत निजत. तिथं उठून बसायचं तर मान वाकवावी लागे. येणाऱ्याजाणाऱ्याचे जोडे कानावरून वाजत. मॅनेजरसाहेबांनी दोनदा सांगून पाहिलं, वर जा म्हणून. नाना म्हणत, "जातो ना, साहेब. दिवसातनं शंभरदा जातो."

मी मुंबईला आलो तो दासगावच्या बंदरातून होडीनं बाणकोट आणि तिथून आगबोटीनं. विशी गाठत होतो. बाप मुंबईहून खोकला घेऊन परतला होता आणि पाऊस संपायच्या आत गेला, म्हणून मला येणं भाग. आमच्या वाडीच्या माणसांची एक खोली आहे, तिथं पथारी मिळाली. लखूदादांनी आपण कामाला असलेल्या गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात लावून दिलं. वर्षभरात मलाही खोकला झाला. त्याची कुणाला काळजी वाटली नाही, कारण त्या खोलीत सगळेच खोकत. पण संध्याकाळचा ताप येऊ लागला तो मी कुणाला सांगितला नाही. नोकरी जाईल, ही एक भीती. आणि दुसरी, आई.

नानांनी ते ओळखलं. रविवारी त्यांच्याकडं गेलो होतो, तर लिफ्टीत मी जाळीला धरून उभा. चौथ्यावर डॉक्टर राहतात. नानांनी लिफ्ट सरळ तिथं थांबवली आणि मला आत ढकललं. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाले, अजून तसं नाही, पण त्याच वाटेवर आहे. गिरणी सोड. उघड्या हवेत राहा, उघड्यावर झोप, दूध पी. नाहीतर तुला गावी पाठवावं लागेल.

बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "गावी नाय. तुझ्या आयशीनं एक खोकला ऐकलाय. दुसरा ऐकायचा नाय तिनं."

त्यांनी वाडीच्या खोलीत सांगितलं, पोराला बिल्डिंगीत जिने झाडायचं काम लावलंय, राहायची सोयही आहे. हे खरंच होतं. साहेबांच्या हातापाया पडून त्यांनी ते काम मिळवलं. माझी पथारी गच्चीवरल्या खोलीच्या दारात, टाकीच्या आडोशाला घातली आणि स्वतः खाली जिन्याखाली गेले.

पण गच्चीचा कठडा गुडघ्याएवढाच. आणि मला ताप चढला की मी उठून चालू लागे. मला ते आठवत नाही. पारशीण बाईंनी पाहिलं. त्यांनी नानांना सांगितलं, "ढाकू, टुझा पोरगा गच्चीवर फिरते ने कोणाला टरी हाका मारते."  नाना मला म्हणाले, "तापात माणूस घराकडं चालत सुटतो. हितनं घर लय लांब, नि मधी रस्ता नाय."

तेव्हापासून ते वर येऊ लागले. वर येत, पण निजत नसत. बादली उपडी घालून तिच्यावर बसत आणि स्वतःला जागं ठेवायला वाडीतल्या एकेका माणसाची कुळकथा मला सांगत. कुणाची म्हैस कुणाच्या वरकस जमिनीत गेली, कुणी कुणाच्या लग्नात जेवण टाकलं, सगळं. मी झोपलो तरी ते चालूच असे, असं वाटतं. कारण सकाळी मला जाग येई तेव्हा भांडण पुढच्या पिढीत गेलेलं असे.

याचा परिणाम दिवसा दिसू लागला. नाना दांडा धरून उभ्या उभ्या पेंगत. पारशीण बाईंना त्यांनी दोनदा माथ्यावरून परत पायथ्याला आणलं. बाईंनी तक्रार केली नाही, लिफ्टीत स्टुलावर बसून मोजे विणले. पण मॅनेजरसाहेब एकदा तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये अडकले. बाहेर भिंत, आत साहेब, आणि शेजारी नाना डोळे मिटून शांत. बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "परत डुलकी लागली तर दुसरा माणूस बघतो."

नोकरी गेली असती तर आम्हा दोघांचं छप्पर गेलं असतं. माझा तर जीवच त्या गच्चीवर टांगलेला.

दुसऱ्या दिवशी नाना आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून खाली मारुतीला गेले. बराच वेळ आत होते. परत आले ते जिन्याखालची आपली वळकटी काखेत घेऊन. लिफ्टीत शिरले, दुसरा मजला गेला, टोपी काढली, आणि त्या दिवशी आठवा येईपर्यंत परत घातलीच नाही. मी म्हटलं, "नाना, नको. शिमगा दोन महिन्यांवर आलाय."

"तू गप ऱ्हा. दूध पिलास?"

"नाना, खांदा—"

"दूध पिलास का?"

त्यांनी आपल्या फेट्याचं एक टोक माझ्या मनगटाला बांधलं आणि दुसरं आपल्या. मी हललो की त्यांना जाग यावी म्हणून. मग कळसापासून सहा मजले वर नाना आडवे झाले आणि पडताच घोरू लागले. इतक्या वर्षांत त्यांना पाय लांब करून निजायला मिळालं नव्हतं.

पारशीण बाई रोज एक अंडं पाठवत. नाना अंडं खात नसत; ते माझ्यासमोर ठेवून तोंड फिरवून उभे राहत, खाऊन होईपर्यंत. हवा स्वच्छ असली की मला कठड्यापाशी धरून नेत आणि खाडीपल्याडचे डोंगर दाखवत. "त्याच्या मागं अजून एक रांग. त्याच्या मागं अजून. मग आपलं." दिसत काहीच नसे. मी "हां, हां" म्हणे. हळूहळू ताप उतरला, खोकला गेला, आणि शिमग्याच्या आधी डॉक्टरांनी पुन्हा नळी लावून सांगितलं, आता जिने झाड आणि लग्न कर.

तोवर लखूदादा एकदा येऊन गेले होते. शिमग्याला कोण कोण येणार ते विचारायला. खाली भय्या दरवान होता. "धाकू? वो अब ऊपर रहता है." लखूदादांनी एवढंच विचारलं, "निजतो पण तिथंच?" "हाँ, छतपर." लखूदादा वर आलेच नाहीत.

वाडीत पालखी निघायच्या दिवशी सकाळी देवळापुढं गावकी बसते. सगळ्यात जुने म्हणून पांडूबाबा मधोमध. बायका एका अंगाला, हातात आरत्यांची ताटं. त्यांत माझी आई. नाना धुतलेला फेटा बांधून, खांद्यावर घोंगडीची घडी टाकून तयार होते. लखूदादांनी गोष्ट काढली. वाईट बोलले नाहीत, नुसतं विचारलं म्हणाले.

पांडूबाबा म्हणाले, "धाक्या, कळसाच्या वर निजलास?"

"निजलो."

"एकदा?"

"रोज."

माणसं हलली. पांडूबाबांनी पानाची पिंक टाकली. "का रे?"

मी उठलो.  नाना माझ्याकडं न बघता म्हणाले, "बस रे खाली. मोठी माणसं बोलतात." आणि बायकांच्या बाजूला एक नजर टाकली. मला कळलं. आई माझ्याकडंच बघत होती. तिला मी बाळसं धरलेला दिसत होतो आणि ती खुशीत होती.

"हवा खायाला," नाना म्हणाले.

"हवा?"

"वर लय ग्वाड हवा येते."

"हितं हवेला काय दुष्काळ पडलाय?"

"ती येगळी. सिमिटची."

सगळे हसले. बायकाही हसल्या, आईदेखील. कुणी म्हणालं, मुंबईचं पाणी लागलं म्हाताऱ्याला. नानांनी हसू दिलं.

मग बाबू उठला. हा कशेडीच्या घाटात सडकेवर खडी फोडायला जायचा, त्यामुळे त्याला चढउतारातलं कळतं असा त्याचा समज. तो म्हणाला, "जरा थांबा. मुंबई समिंद्राच्या काठाला. आपली आई हितं डोंगरात. तसल्या धा बिल्डिंगी एकावर एक ठेवल्या तरी आईच्या पायरीला लागायच्या नायत. मग ह्यो वर निजला कसा? ह्यो खालीच निजला."

गावकी विचारात पडली. मला वाटलं, सुटलो. लखूदादांनासुद्धा तोड सापडेना. पांडूबाबा हळूच म्हणाले, "म्हंजे मुंबईत कुणी कुठंबी निजला तरी चालतो?"

"चालतो."

"मग ह्या धाक्यानं इतकी वरसं जिन्याखाली मान मोडून काय केलं?"

 बाबू खाली बसला.

गुरव म्हणाला, कौल लावून बघू, आईच सांगेल. नानांनी हात जोडले. "तिला कशाला तरास. नेम माझा, मोडला मी. लखू, ये. घोंगडी घे, दांडा टोचतो."

त्यांनी खांद्यावरची घडी काढून लखूदादांच्या खांद्यावर ठेवली, दोन्ही हातांनी दाबून नीट बसवली. लखूदादांची मान खाली गेली ती वर येईना.

पालखी उचलायच्या आधी आई नानांपाशी आली. "नाना, पोर नीट खातो ना तिकडं?"

"खातो गो. जिनं झाडतो नि माझ्याशी भांडतो."

"सांभाळा त्याला."

"त्योच मला सांभाळतो," नाना म्हणाले. आई हसत ताट सावरत गेली.

खालूबाजा वाजू लागला, पालखी उठली आणि पाखाडीच्या दगडी पायऱ्यांनी खाली निघाली. नाना मागं, माणसांत. मी त्यांच्या शेजारी चालत होतो.  उतारावर पालखी डाव्या अंगाला कलली की पुढच्या उजव्या खांदेकऱ्यानं गुडघा वाकवून ती तोलायची असते. मी पाहिलं, दर पायरीला नानांचा उजवा गुडघा वाकत होता आणि खांदा खाली दबत होता. त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. आमच्या घराशी पालखी टेकली तेव्हा ते धापा टाकत होते, आणि उजवा हात चोळत उभे होते.

त्यानंतरचे शिमगे तसेच गेले. नाना परत जिन्याखाली निजतात. मी म्हटलं, आता कशाला, तर म्हणाले, आता तर पायजेच.

मला आईला अजून सांगता आलेलं नाही. नानांनी शब्द घेतला आहे: तुझं लग्न होऊ दे, तिच्या मांडीवर नातवंड येऊ दे, मग सांग; तेव्हा तिला भ्यायला सवड नसंल. लग्न यंदा ठरतं आहे. तो दिवस येईल. तेव्हा आधी आईच्या पायाशी बसून सगळं सांगेन, आणि मग तिलाच बरोबर घेऊन गावकीपुढं जाईन आणि नानांचा खांदा मागून घेईन. नानांच्या मागं तो चालवायला घरात कुणी नाही, असं लखूदादा म्हणतील. तर मी आहे.